सापवाली, पुलवाली आणि बाप-दीकरावाली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंडियाना जोन्सच्या, म्हणजे त्या टोपी-चाबूकवाल्या पुरातत्त्वज्ञ हिरोच्या, चित्रपटांवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण हे चित्रपट चाळीस वर्षांनंतरही लोक का बघतात, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला पटलं नाही. त्यांच्या मते एक कारण आमच्या पिढीचं स्मरणरंजन आणि दुसरं हॉलिवूडचा पैसा. स्मरणरंजन म्हणाल, तर त्याच वर्षांतले कितीतरी इंग्रजी सिनेमे आमच्या पिढीने पाहिले, आज त्यांची नावंही आठवत नाहीत. आणि पैसा ओतून आपटलेले सिनेमे मोजायला बसलो तर आपली पुरवणी पुरायची नाही.

मी समीक्षक वगैरे नाही. बडोद्यात दांडिया बाजारात आमची व्हिडिओ लायब्ररी होती. दिल्लीच्या आशियाडनंतर घरोघर रंगीत टीव्ही येऊ लागले तेव्हा यजमानांनी ती काढली. त्यांना नोकरी असल्यामुळे गल्ल्यावर मी बसले. पुढे केबल आली, सीडी आली, आणि शेवटी शटर ओढलं. तोवर मी काउंटरमागे बसून एकच गोष्ट बघत होते, ती म्हणजे माणसं परत परत काय मागतात. कॅसेटी कुठून यायच्या ते विचारू नका. ज्या वाटेने गावातल्या सगळ्या लायब्ररींत यायच्या, त्याच वाटेने आमच्याकडेही यायच्या.

आमचं गिऱ्हाईक रावपुऱ्यातलं, मांडवीतलं, बाबाजीपुऱ्यातलं. मराठी घरं, गुजराती घरं, रिक्षावाले, तालमीतली पोरं. इंग्रजी बहुतेकांना कामापुरतं, काहींना तेवढंही नाही. कॅसेटला खाली अक्षरं नसत, हिंदी डबिंग तर नव्हतंच. एरवी इंग्रजी कॅसेट लोक मारामारीसाठी एकदा न्यायचे आणि परत देताना तोंड वाकडं करायचे. या तीन मात्र कपाटात टिकत नसत. नाव कुणालाच सांगता यायचं नाही. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ असं पूर्ण म्हणणारं गिऱ्हाईक म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीची पोरं. बाकीचे म्हणायचे, “बेन, पेली सापवाळी आपो ने,” म्हणजे ताई, ती सापवाली द्या ना. १९८१ ची ती आमच्या घरात सापवाली झाली. १९८४ चा ‘टेम्पल ऑफ डूम’ म्हणजे पुलवाली. आणि १९८९ चा ‘लास्ट क्रुसेड’, ज्यात शॉन कॉनरी हिरोचा बाप झाला आहे, ती बाप-दीकरावाली; दीकरा म्हणजे मुलगा. मराठी गिऱ्हाइकंही बाप-दीकराच म्हणायची. रजिस्टरातही मी तसंच लिहीत असे.

बघितलंत ना, लोकांनी नावं कशावरून ठेवली? डोळ्यांना जे दिसलं त्यावरून. माझं म्हणणं तेवढंच आहे. या चित्रपटांतली गोष्ट डोळ्यांना कळते. भाषा कळली तर वरकड मजा, नाही कळली तरी काही अडत नाही.

सापवालीची सुरुवात आठवा. पेरूच्या जंगलातलं जुनं देऊळ. दगडी चौथऱ्यावर सोन्याची छोटी मूर्ती. हिरो तिच्यासमोर ओणवा होतो. बोटं हलवतो, हनुवटी चोळतो. कमरेची वाळूची पिशवी काढून हातात तोलतो, एकदा मूर्तीकडे बघतो, एकदा पिशवीकडे. मग पिशवीतली मूठभर वाळू काढून टाकतो. एक शब्द नाही. पण मांडवीतल्या पाचवी नापास पोरालाही कळतं की खाली काहीतरी कळ आहे, वजन कमीजास्त झालं की घात होणार, आणि याला अंदाज करावा लागतोय, नक्की काही माहीत नाही. मग झटक्यात अदलाबदल. क्षणभर शांतता. त्याच्या चेहऱ्यावर जरासं हसू येतं आणि चौथरा खाली जाऊ लागतो.

एका सराफाच्या पेढीवर काम करणारा कारागीर ही कॅसेट कायम न्यायचा. एकदा परत देताना मला म्हणाला, “ताई, ह्याला सोन्यातलं काही कळत नाही. तेवढ्या आकाराचं सोनं वाळूच्या दहापटीहून जड भरेल. वाळू काढायची कसली? पिशव्या आणखी आणायला हव्या होत्या, आणि मूर्ती अशी एका हाताने झेलता आली असती होय?” माणूस रोज काट्यापुढे बसणारा, त्याचं बरोबरच होतं. मी विचारलं, मग परत परत का नेता? तर म्हणाला, “तिथे आलं की मी श्वास धरतो, काय करू?” ज्याला वजन कळतं त्याचाही श्वास अडकतो, हे मला लेखातल्या सगळ्या कारणांपेक्षा मोठं वाटतं.

त्यानंतर तो गडगडत येणारा दगडी गोळा. तो फायबरग्लासचा होता, त्याचा आवाज उतारावरून इंजिन बंद करून सोडलेल्या होंडा सिव्हिक गाडीचा होता, हे सगळं मला नातवाने पुढे इंटरनेटवरून सांगितलं. पण गोळा होता खराच, म्हणजे हाताला लागेल असा, आणि हिरो झालेला हॅरिसन फोर्ड त्याच्यापुढे स्वतः धावला. डोळ्याला ते समजतं. कसं समजतं ते मला सांगता येणार नाही, पण समजतं.

प्रवास दाखवायचा तर नकाशा येतो, त्यावर विमान आणि गावागावावरून सरकणारी लाल रेघ. आमच्या शेजारच्या शाळकरी मुलीला नेपाळ आणि इजिप्त नकाशात कुठे आहेत ते त्या लाल रेघेने शिकवलं. नेपाळच्या त्या दारूच्या गुत्त्यात हिरो प्रथम कसा येतो? भिंतीवर टोपीची भली मोठी सावली पडते. ओळख करून द्यायला कुणी तोंड उघडावं लागत नाही. नायिका मॅरियन त्याआधी एका धिप्पाड गड्याबरोबर दारू पिण्याची पैज लावून बसलेली असते. पालथे पडत जाणारे पेले, भोवतीच्यांच्या हातातल्या नोटा, आणि शेवटी आडवा झालेला गडी. बाई कशी आहे ते दोन मिनिटांत कळलं. (आमच्याकडे काही घरांत एवढा तुकडा पुढे पळवायचे. तो पळवला की पुढची गंमत निम्मी जाते, असं मी सांगून बघितलं, पण सुनांसमोर बाई दारू पिते हे सासवांना चालत नसे.)

नातू अहमदाबादला असतो, सिनेमाचं काहीबाही शिकतो. त्याने मला दाखवलं की स्टीव्हन सोडरबर्ग नावाच्या मोठ्या दिग्दर्शकाने २०१४ मध्ये सापवालीतला सगळा रंग आणि सगळे संवाद काढून टाकले, वर वेगळंच संगीत लावलं, आणि तसा आख्खा चित्रपट विद्यार्थ्यांनी अभ्यासावा म्हणून इंटरनेटवर ठेवला. कोण कुठे उभा आहे, कॅमेरा कुठून कुठे जातो, एवढंच त्यांनी बघावं म्हणून. मला हसू आलं. बाबाजीपुऱ्यातली माणसं हाच अभ्यास आमच्या कॅसेटीवर १९८५ सालीच करत होती, फक्त रंगासकट.

आणि यात परकं काय आहे? दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफीचे धडे इथेच घेतले. १९१३ साली त्यांनी चित्रपट केला तो मुका. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजली, ते १९१९ साल. म्हणजे आमची पहिली सापवाली तीच म्हणायची. मध्ये मध्ये पाट्या यायच्या खऱ्या, पण वाचता येणारे थिएटरात किती असतील? लोक बघूनच समजून घेत होते. जॉर्ज लुकास आणि स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी ज्या जुन्या अमेरिकी मालिकांवरून हे चित्रपट बेतले, त्याही १९३०-४० च्या दशकांतल्या, दर आठवड्याला हिरोला मरणाच्या दारात सोडून देणाऱ्या. आमच्या सासूबाई तर चाबूक बघताक्षणी म्हणाल्या, “हे नादियाचं. ह्याने तिचंच उचललं.” त्यांनी लहानपणी १९३५ चा ‘हंटरवाली’ पाहिला होता. वाडिया मूव्हीटोनच्या नादियाबाई चाबूक घेऊन घोड्यावरून उड्या मारायच्या, त्याही स्वतः. उचललं की नाही ते माहीत नाही, पण सासूबाईंना हिरो त्या दिवसापासून घरचा वाटू लागला.

आता कॅसेटीचं सांगते, कारण ते लेखात असणं शक्यच नव्हतं. व्हीसीआरमध्ये पॉज दाबलं की टेप थांबते, पण आतलं हेड फिरतच राहतं, त्याच एका जागी. तिथे टेप घासते, लेप सुटतो, आणि पुढच्या वेळी ती जागा आली की पडद्यावर पांढऱ्या रेघा येतात. सुटलेला लेप हेडवर बसतो. मग स्पिरिटमध्ये चिंधी बुडवून हेड पुसायचं, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरी नुसता पाऊस. त्यामुळे कॅसेट परत आली की मी ती लावून बघत असे, आणि कुठली जागा घासली आहे त्यावरून लोकांनी कुठे थांबून थांबून बघितलं ते मला कळत असे. सापवालीत सगळ्यात जास्त घासलेली जागा म्हणजे शेवटी ती पवित्र पेटी (नावातली ‘आर्क’ ती हीच, तिच्याच शोधात सगळे असतात) उघडते आणि जर्मन अधिकाऱ्यांचे चेहरे वितळतात ती. पोरं तिथे एकेक चित्र थांबवून बघायची. त्यातला एक चेहरा जिलेटिनचा होता, खाली कवटी, समोरून उष्णता देऊन वितळवलेला आणि सावकाश चित्रित करून भराभर दाखवलेला. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण हे कुणीतरी हाताने केलंय आणि कसं केलंय ते शोधायचंच, या हट्टापायी माझ्या टेपेची वाट लागली.

दुसरी घासलेली जागा म्हणजे बाजारातला तो काळ्या कपड्यांतला तलवारबाज. एवढी मोठी तलवार गरागरा फिरवतो, गर्दी बाजूला होते, आता जंगी मारामारी होणार असं वाटतं, आणि हिरो वैतागून पिस्तूल काढून एक गोळी घालतो. तिथे मोठी चाबूक-तलवारीची लढाई ठरलेली होती. चित्रीकरण ट्युनिशियात, आणि हॅरिसन फोर्डला हगवण लागलेली. त्याच्याने तासन्‌तास उभं राहवत नव्हतं, म्हणून सरळ गोळीच घालू असं ठरलं. माणूस खरंच दमलेला आहे, ते तोंडावर दिसतं. दिवसभर रिक्षा चालवून आलेला माणूस तो तुकडा मागे घेऊन घेऊन का बघत असेल, ते मला तेव्हाच समजलं होतं.

तालमीतले एक काका होते. लंगोटबंद, मितभाषी, सिनेमा म्हणजे नसते चोचले असं मानणारे. पुतण्यांनी लावला म्हणून बघितला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आले. म्हणाले, “हा मार नीट खातो.” हिंदी सिनेमातला हिरो दहा जणांना लोळवतो आणि केसाचा भांग मोडत नाही, याचा त्यांना मनस्वी राग होता. विमानाजवळ त्या टकल्या मेकॅनिकशी होणारी कुस्ती त्यांनी पुन्हा पुन्हा बघितली. आणि पुलवाली आली तेव्हा, खाणीतला दांडगा पहारेकरी बघून, “हा तोच गडी” असं तेच पहिल्यांदा म्हणाले. मिशा, कपडे, देश सगळं बदललेलं, पण त्यांनी उभं राहण्यावरून ओळखला. तो पॅट रोच, इंग्लंडचा व्यावसायिक कुस्तीगीर. सापवालीत दोन वेगवेगळी कामं करून दोनदा, आणि पुलवालीत तिसऱ्यांदा हिरोशी भिडतो. पैलवानाला पैलवान कळला.

मार खाण्याचं ते म्हणणं मला फार योग्य वाटतं. ट्रकखालून फरफटत जाण्याचा प्रसंग घ्या. स्टंटमन टेरी लेनर्ड ट्रकच्या खालून सरकत गेला, त्यासाठी रस्त्यात मधोमध चर खणली होती. काही ठिकाणी फोर्ड स्वतः फरफटला. आणि तो प्रसंग संपल्यावर चित्रपट ते विसरत नाही. पुढे बोटीवर मॅरियन त्याची जखम बांधू लागते, जिथे हात लावावा तिथे हा ओरडतो. शेवटी ती चिडून काहीतरी विचारते आणि हा कोपराकडे बोट दाखवतो. मग कपाळाकडे, मग डोळ्याकडे. दुखत नाही अशी जागा शोधतोय, हे इंग्रजी न येणाऱ्या आमच्या शेजारणीने मला सांगितलं, मी तिला नाही. अशा हिरोवर लोक जीव टाकतात. त्याला सापाची भीती आहे, त्याची टोपी पडते, आणि जी वस्तू मिळवायला जातो ती बहुधा शेवटी त्याच्या हाती राहत नाही. सापवालीतली ती पेटी लाकडी खोक्यात ठोकून सरकारी गोदामात ढकलून देतात. सरकारी नोकरीतली आमची गिऱ्हाइकं तिथे हमखास हसायची.

पुलवालीबद्दल मात्र मला नीट सांगायलाच हवं, कारण लेखाने तो विषय एका ओळीत उरकला आहे. त्यात आपल्या देशाची जी शोभा केली आहे ती मला तेव्हाही खटकली, आजही खटकते. राजवाड्यातली ती पंगत! जिवंत साप, किडे, डोळ्यांचं सूप आणि शेवटी माकडाचा थंड मेंदू. गायकवाडांच्या गावात राहणाऱ्या माणसांना राजाकडची पंगत काय असते ते ऐकून तरी ठाऊक असतं. सासूबाई म्हणाल्या, “ह्यांच्या आचाऱ्याला आधी कामावरून काढा, मग पुढचं दाखवा.” कालीमातेचं जे केलं आहे ते तर सांगूच नये. भारत सरकारने पटकथेत बदल मागितले, निर्मात्यांना ते पटले नाहीत, आणि चित्रीकरण श्रीलंकेला गेलं. लेखात ‘जयपूरजवळ चित्रित’ असं छापलं आहे, ते चूक आहे. जयपूरचा आमेर किल्ला त्यांना हवा होता, मिळाला नाही. गाव, पूल हे सगळं कँडीच्या आसपासचं, राजवाडा बराचसा रंगवलेल्या पडद्यांवरचा आणि आतले सेट लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओतले. त्यामुळेच गावकरी सिंहली बोलतात. गावचा तो म्हातारा साकारणारे डी. आर. नानायक्कारा श्रीलंकेचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. स्पिलबर्ग कॅमेऱ्यामागून एकेक ओळ म्हणायचे आणि ते तशीच्या तशी म्हणायचे. इंग्रजी न येणारा नट, इंग्रजी न येणारं गिऱ्हाईक, आणि तरी गावातली मुलं नेली आहेत हे सांगणारा त्या म्हाताऱ्याचा चेहरा दांडिया बाजारात पोचला.

एवढं खटकूनही पुलवाली का जायची? एक म्हणजे अमरीश पुरी. कर्मचारी राज्य विमा महामंडळात वर्षानुवर्षं नोकरी करत नाटकं केलेला आपला माणूस परदेशी पडद्यावर सगळ्यांना पुरून उरतो, याचा अभिमान लोकांना होता. आणि दुसरा तो पूल. जवळच धरणाचं काम करणाऱ्या ब्रिटिश इंजिनिअरांनी पोलादी दोर ओढून तो खरोखर बांधला होता, आणि मग स्फोट करून खरोखर तोडला. एकदाच. दुसऱ्यांदा घ्यायची सोयच नव्हती, म्हणून कॅमेरे अनेक ठिकाणी लावले, आणि माणसांऐवजी हातपाय झाडणाऱ्या यांत्रिक बाहुल्या खाली पाडल्या. पुलाखाली मगरी. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांना मगरीचं नवल नाही, पावसाळ्यात त्या आमच्या सोसायट्यांच्या दारात येतात. पोरं टीव्हीजवळ जाऊन या आपल्यासारख्या आहेत का ते तपासायची. वाद व्हायचे. पण पूल तुटताना वाद थांबायचे.

युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्व विभागातली पोरं शनिवारी यायची. त्यांचं आणखी वेगळं. चित्रपटात खोटं काय आहे ते त्यांना सगळ्यात जास्त माहीत. त्यांच्या विभागाने १९६० ते ६३ मध्ये शामळाजीजवळच्या देवनी मोरीला स्तूप खणला, मेश्वो धरणाचं पाणी चढायच्या आत. तिथे दगडी करंडक मिळाला, त्यावर बुद्धाचे अवशेष आत असल्याचा लेख कोरलेला. अशी खरीखुरी पेटी ज्यांच्याच विभागाकडे आहे, त्यांना लाकडी सेटवरच्या पेटीचं काय कौतुक? एक पोरगी मला समजावून सांगायची की चाबकाने काहीही सापडत नाही, ब्रश आणि करणी घेऊन दिवसभर उन्हात बसावं लागतं, प्रत्येक खापराची नोंद ठेवावी लागते. हिरो स्वतःही बाप-दीकरावालीत वर्गात मुलांना तेच सांगतो, बहुतेक काम ग्रंथालयातच होतं म्हणून. ती हे सगळं बोलून मग तीच कॅसेट घेऊन जायची. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, ती बघून आलेली लहान मुलं त्या संध्याकाळी सापवाली मागायला येत. ही वाट मात्र मला आवडायची. काचेमागचं काहीतरी जुनं बघून माणसाला प्रश्न पडावा आणि तो घरी येऊन टोपी घालून पळत सुटावा, यात वाईट काय आहे? अमेरिकेत मिसिसिपीच्या तीन पोरांनी तर १९८२ साली आख्खा सापवाली घरच्या घरी, जसाच्या तसा चित्रित करायला घेतला आणि तारुण्यात येईतो करत राहिली. विमानाचा एकच प्रसंग राहिला होता, तो मोठेपणी जाऊन पूर्ण केला. स्मरणरंजन म्हणावं तर १९८२ साली त्यांना कसलं स्मरण होतं?

बाप-दीकरावाली माझी सगळ्यात आवडती. पेट्राच्या लालसर दगडातला दर्शनी भाग दिसतो तिथे तर घरातली सगळी गप्प. पण मला आवडतं ते निराळं. बाप पिस्तूल न चालवता समुद्रकिनाऱ्यावर छत्री उघडतो, पक्ष्यांचा थवा उडवतो आणि विमान खाली पाडतो. मुलगा नुसता बघत राहतो. रणगाडा कड्यावरून कोसळतो, बाप कड्याशी उभा राहून रडवेला होतो, आणि बाजूने मुलगा रांगत वर येऊन त्यांच्याच रांगेत उभा राहून खाली डोकावतो, हे सगळे काय बघताहेत म्हणून. आणि शेवटी दरी ओलांडायची असते, पूल दिसत नाही, पाय टाकल्यावर कळतं की आहे. मग हा काय करतो? मूठभर वाळू उचलून त्यावर फेकतो, पूल दिसू लागतो. पहिल्या भागात मूठभर वाळूने घात केला होता. हे कुणी बोलून दाखवत नाही. ज्याने डोळे उघडे ठेवले त्याला मिळतं.

म्हणूनच पुढचे दोन माझ्या मनात उतरले नाहीत. २००८ च्या भागात माकडांच्या झुंडी, मुंग्यांचे लोंढे, सगळं संगणकावरचं. झाडावरून पडला तरी कुणाला लागलं असं वाटत नाही. २०२३ च्या भागात ऐंशीच्या हॅरिसन फोर्डला सुरुवातीला तरुण केलं आहे. चेहरा तरुण आहे, पण ट्रेनच्या टपावरून चालताना त्याचं वजन कुठे पडतंय ते माझ्या डोळ्यांना कळेना. माणसं बोलतात मात्र पुष्कळ. अँटिकिथेराचं ते जुनं ग्रीक यंत्र, जे खरोखर बुडालेल्या जहाजात मिळालं, त्याची माहिती ऐकताना मला पुरातत्त्ववाली पोरगी आठवली, तिने कमी शब्दांत सांगितलं असतं. म्हातारपणचा फोर्ड मात्र बघावासा वाटला, ते खोटं बोलणार नाही.

नातवाची धाकटी बहीण दिवाळीत आली होती, दहा वर्षांची. तिला मी पाचवा लावून दिला तर मध्येच उठून फराळाच्या डब्याकडे गेली. पहिला लावला तेव्हा वाळूच्या पिशवीपाशी तिचा हात चिवड्याच्या वाटीत तसाच राहिला. तिच्याकडे आमच्या पिढीचं स्मरण नाही, आणि कशाला किती पैसा लागला ते तिला ठाऊक नाही. लेखकांनी तिला विचारून बघावं, अशी विनंती.

आणखी एक. लेखात शॉन कॉनरी हे हॅरिसन फोर्डपेक्षा ‘पंचवीस एक वर्षांनी मोठे’ असल्याने बापाच्या भूमिकेत शोभले, असं म्हटलं आहे. कॉनरींचा जन्म १९३० चा आणि फोर्डचा १९४२ चा. फरक बाराच वर्षांचा. तरी ते बाप-दीकरा वाटले, ते त्या दोघांच्या कामामुळे. कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास जयपूरचीही.

आपली,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, वडोदरा